छतावरची पिवळी झालर

१

जळणाऱ्या फोमचा वास मी झोपेतही ओळखीन. एकतीस वर्षं मी एका कारखान्याच्या चाचणीघरात काम केलं. तिथे काचेची एक खोली होती, तिला सगळे धूरघर म्हणायचे. त्यात मी रोज काहीतरी जाळायची. कापूस, लाकडाच्या ढलप्या, गादीतला फोम. आणि वर छताला लावलेले धुराचे अलार्म किती वेळात ओरडतात ते घड्याळावर बघून लिहायची. हे अलार्म दिसायला पालथ्या घातलेल्या पांढऱ्या बशीसारखे. म्हणून आमच्या इमारतीत त्यांचं नाव बशी पडलं आणि माझं धूरबाई.

त्या बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी खिडकीशी बसून उसवलेल्या उशीला टाके घालत होते. तेवढ्यात वास आला. गोडसर, घशाला टोचणारा. सुई तशीच उशीत खुपसली आणि जिना उतरले.

खालच्या मजल्यावर घड्याळमास्तर राहायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, डोळे त्याच कामात गेले, तरी हाताच्या अंदाजाने अजून काहीबाही जोडत बसायचे. घरात मुलगा आणि सून. मुलगा नकाशे काढायच्या कचेरीत, सून इस्पितळात नर्स. तिला आम्ही सगळे सिस्टरच म्हणायचो. दुपारी मास्तर एकटेच असत. दाराच्या फटीतून करडा धूर झिरपत होता.

जिन्यातला दिवा बदलायला आलेला वायरमन शिडीवर उभा होता.

"अरे, उतर! दार फोड आधी!"

"बाई, पण कुणाला विचारून?"

"मला विचारून!"

तिसऱ्या धडकेला कडी निखळली. आत छत दिसतच नव्हतं. आम्ही ओणवे होऊन शिरलो. मास्तरांच्या आरामखुर्चीचा हात धुमसत होता. डाख द्यायची विजेची सळई त्यावर तशीच राहिली होती. ज्वाळा नव्हती, नुसता धूर. मास्तर खुर्चीशेजारी जमिनीवर पडलेले. त्यांच्या काखेत हात घालून आम्ही त्यांना ओढत जिन्यात आणलं. त्यांचा श्वास चालू होता.

मी पायरीवर बसले, खोकले, डोळे पुसले, आणि मग मला उमगलं की इतका वेळ काय खटकत होतं. त्या घरात काहीच वाजत नव्हतं.

मास्तरांबरोबर इस्पितळाच्या गाडीतून मी गेले. संध्याकाळी परत आले तर फाटकापाशी घोळका उभा. त्यांच्याकडून मागचं सगळं कळलं. मुलगा कचेरीतून धावत आला होता. बंबवाले खाली पाईप गुंडाळत होते, तोवर तो वर घरात गेला आणि बशी हातात घेऊन उतरला. बशीतली बॅटरीची जागा रिकामी होती. बंबवाल्यांनी आपल्या कागदावर तसं लिहिलंसुद्धा.

आणि त्या घरात बॅटरी कोण काढतं, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं.

२

गुरुवारी सकाळी सिस्टर माझ्याकडे आली. अंगावर कामाचेच कपडे. चहा पुढे ठेवला, तिने कपाला हात लावला नाही.

"काकू, मी दोनदा काढली होती बॅटरी. तुम्हाला माहितीये. कढई तापली की ती बशी कोकलायची. मामंजी दचकायचे. दोन्ही वेळा मी परत घातली."

"मग?"

"हे म्हणतायत, आठव. सोमवारी सकाळी काढली असशील. ड्यूटीवरून आलीस की तुला भान नसतं." तिने माझ्याकडे पाहिलं. "मला आठवत नाहीये, काकू. पण आठवत नाही म्हणजे केलं नाही, असं कसं म्हणू? मीच केलं असेल का?"

इस्पितळात दहा वर्षं औषधांचे थेंब मोजून देणारी ती मुलगी. तिला स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेना, ते बघून मला कसंतरीच झालं.

"अलीकडे कधी कोकलली होती बशी?"

तिने आठवून पाहिलं. "नाही. दोन-तीन आठवडे नाहीच. मला वाटलं, सुधारली."

मी ते मनात टिपून ठेवलं.

दारावर टकटक झाली. मास्तरांची मुलगी आली होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे आम्ही तिला हेडबाई म्हणायचो. आत येताच तिची नजर भावजयीवर गेली.

"इथे आहेस होय! बरंच झालं. समोरच सांगते. मी तुझ्या मेट्रनच्या नावाने तक्रार लिहिली आहे. शनिवारी दुपारी नेऊन देणार. जी घरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा अलार्म बंद करते, तिच्या हाती परक्या रोग्यांचे जीव नकोत."

"वन्सं, मी..."

"केलं नाहीस असं म्हण. म्हण ना!"

 सिस्टरला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं काय ते तिला माहीत नव्हतं.

"हेडबाई," मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला नको. शनिवारपर्यंत थांबणारच आहात, तर मला तेवढे दोन दिवस द्या."

"पस्तीस वर्षं मुलांचे कान पकडले मी. खोटं मला वासावरून कळतं, बाई."

"वासाचं खातं माझं. तुम्ही कान सांभाळा."

तिला हसू आलं नाही. पण तिने पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढून माझ्यासमोर ठेवली. "हा पुरावा. बघा काय बघायचं ते."

थैलीत बशी होती. मी ती उजेडात धरली आणि उलटी केली. बॅटरीची जागा रिकामी, खरंच. मागे छापलेली मुदतीची तारीख अजून चार वर्षं पुढची. जाळीला नाक लावलं, आत बोटाने पुसून पाहिलं.

ज्या खोलीत मला छत दिसलं नव्हतं, त्या खोलीतली ती बशी दुधासारखी पांढरी होती. काजळीचा एक कण नाही.

३

त्याच दुपारी मी इस्पितळात गेले. मास्तरांच्या तोंडावर ऑक्सिजन होता. बोलायची मनाई, म्हणून हातात पाटी दिली होती. मी कानाशी वाकून विचारलं, "मास्तर, शनिवारी बटण दाबलंत?"

त्यांनी चाचपडत मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दहाला. काठीने. वाजली.'

ते असं लिहिणारच. दर शनिवारी दहाच्या ठोक्याला चाचणीचं बटण दाबलं जाई, आणि आमच्या इमारतीत सोळा घरांतून सोळा बशा एकेकदा ओरडत. ती शिस्त मीच लावलेली. आणि घड्याळं जुळवण्यात जन्म गेलेला माणूस ती एक सेकंदही चुकू देत नव्हता.

म्हणजे शनिवारी बॅटरी होती. बुधवारी नव्हती.

घरी येताना वायरमनला त्याच्या दुकानात गाठलं. सहा वर्षांपूर्वी सगळ्या बशा यानेच बसवलेल्या. निवड मात्र माझी. तो दिवस मला अजून आठवतो. गच्चीवरच्या खोलीत मी सगळ्यांना गोळा केलं होतं. दोन जातींच्या बशा शेजारी शेजारी टांगल्या. कागद पेटवला तेव्हा पहिली आधी ओरडली. मग फोमचा तुकडा नुसता धुमसत ठेवला, तर पहिली ढिम्म आणि दुसरीने मात्र इमारत डोक्यावर घेतली. मी म्हटलं, झोपलेल्या माणसाला ज्वाळेच्या आधी धूर मारतो, आपल्याला दुसरी घ्यायची. यावर तासभर वाद झाला. आठवड्यात चार जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि शेवटी दुसरी आली.

"खरं सांग," मी वायरमनला म्हटलं, "मागच्या वर्षी बॅटऱ्या बदलल्यास तेव्हा कुठे ती पहिली जात लावलीस का?"

"बाई! तुमच्या नाकाखाली?" त्याने दोन्ही कानांना हात लावले. "तुम्ही येऊन प्रत्येक बशी हुंगाल, हे ठाऊक नाही का मला? आणि तुमच्या त्या बशा म्हणजे डोक्याला ताप. ती लाल जीभ आठवते ना? बॅटरी न घालता बसवायला गेलं की टुपकन बाहेर येते आणि बशी छतावरच्या बैठकीवर फिरतच नाही. पहिल्या दिवशी मी तीन वेळा शिडीवरून उतरलोय, बॅटरी विसरलो म्हणून."

"म्हणूनच तर ती घेतली. विसराळू माणसांसाठी."

"मग लोक आता म्हणतायत, वायरमनने नीट लावली नव्हती."

"लोकांचं राहू दे. दार फोडलंस तेव्हा वर बशी दिसली का?"

"बाई, मला माझा हात दिसत नव्हता."

त्या जिभेचा मी वाटभर विचार केला. बॅटरी काढली असेल, तर बशी छतावर राहणारच नाही. कुठेतरी कपाटात, खणात पडलेली असणार. म्हणूनच ती पांढरी राहिली. सगळं जुळत होतं. आणि जे जुळत होतं, ते सिस्टरच्या गळ्याशी येत होतं.

४

शुक्रवारी मुलगा घरी होता. जळकी खुर्ची बाहेर काढून ठेवली होती आणि तो फरशी घासत होता. फार नीटनेटका माणूस. त्याच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत. कचेरीत इतरांचे नकाशे तपासायचं काम त्याच्याकडे असे. रेघ अर्धा केस सरकली तरी त्याला दिसायची.

"बसा काकू. अजून वास आहे का हो?"

"महिनाभर राहील. छत फारच काळं झालंय."

"उद्या दुपारी रंगवून टाकतो. रंगाचा अर्धा डबा उरलाय. बाबा परत येतील तेव्हा त्यांना याचा वास यायला नको."

"तूच रंगवलं होतंस ना मागे?"

"हो. तीन आठवडे झाले. ही चार दिवस इस्पितळाच्या शिबिराला गेली होती. म्हटलं, परत येईल तेव्हा घर लख्ख दिसू दे." तो थोडा हसला. "सगळं वाया गेलं."

"बॅटरीचं तुला काय वाटतं?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "मी तिला दोष देत नाही, काकू. ती थकते. विसरली असेल. मी ताईलाही म्हटलं, फार ताणू नकोस."

"पण तक्रार देऊ नकोस, असं म्हणालास का?"

"ताईसमोर कुणाचं चालतं?"

"तेही खरंच. आणि बशी तुला कुठे सापडली? कपाटात?"

"नाही, नाही. छतावरच होती. मी स्टुलावर चढलो, फिरवून काढली आणि बघतो तर आत बॅटरी नाही."

मी मान डोलावली आणि पदराने तोंड पुसलं. त्याला माझा चेहरा दिसायला नको होता.

बॅटरीविना बशी छतावर बसूच शकत नाही. आणि छतावर असलेली बशी त्या धुरातून दुधासारखी पांढरी निघूच शकत नाही. एका वाक्यात त्याने मला दोन अशक्य गोष्टी सांगितल्या होत्या.

५

मुलगा मास्तरांना भेटायला इस्पितळात गेला. मी सिस्टरकडून किल्ली घेतली आणि वायरमनला शिडी आणायला सांगितलं.

"बाई, तुमचं वय काय, शिडी काय! मी चढतो."

"बघायचं मला आहे. तू शिडी धर आणि तोंड बंद ठेव."

चढले. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांना दटावलं. छत कोळशासारखं काळं. मधोमध बशीची प्लास्टिकची बैठक तशीच होती, तीही स्वच्छ. आणि तिच्याभोवती दोन बोटं रुंद एक उजळ कडं. बशीपेक्षा मोठं. याचा अर्थ बशी जागेवर होती, आणि तिच्यावरून आणखी काहीतरी घातलेलं होतं. ते काय असावं? कड्याची बाहेरची कड गोल नव्हती. ती लाटालाटांची होती, फुलाच्या पाकळ्यांसारखी. झालर असावी तशी.

झालर असलेलं, गोल, पातळ, ताणून बसणारं काय असतं? शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून मी एकतीस वर्षांत जाळलेल्या सगळ्या वस्तू आठवल्या. त्यात हे नव्हतं.

खाली उतरले. सिस्टर दारात उभी होती. हात धुवायला न्हाणीघरात गेले, तर आरशाखालच्या फळीवर एक पाकीट फोडलेलं दिसलं. त्यात पातळ, पांढरट प्लास्टिकच्या टोप्या, कडेला रबर आणि चुणीदार झालर. न्हाताना केस भिजू नयेत म्हणून घालतात त्या.

"या टोप्या कुणाच्या?"

"माझ्या," सिस्टर म्हणाली. "वॉर्डात रोग्यांना आंघोळ घालताना लागतात. मीच आणते. का हो, काकू?"

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनात आलं ते माझ्याही मनात आलं होतं. कोकलणाऱ्या बशीचं तोंड बांधायचं तर याहून सोपी गोष्ट नाही. आणि ती गोष्ट घरात आणणारी हीच.

मी नळाखाली रुमाल ओला केला.

"शिडी हलवू नकोस," मी म्हटलं. "मी परत चढतेय."

त्या कड्याजवळ मी रुमाल दोनदा फिरवला. एकदा आतून, एकदा बाहेरून. मग खाली उतरले आणि सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या दहाला सगळ्यांना इथेच बोलाव. तुझ्या नणंदेला सांग, तक्रार बरोबर आण."

६

शनिवारी दहाला आम्ही पाच जण त्या काळ्या खोलीत उभे होतो. इमारतीत बशा ओरडू लागल्या. एक, दोन, पाच, पंधरा. मग शांतता.

"एक कमी वाजली," हेडबाई म्हणाली. "कुणामुळे ते आपल्याला माहीत आहे."

"बघू या," मी म्हटलं.

थैलीतल्या बशीत मी नवी बॅटरी घातली. वायरमनने ती बैठकीवर बसवली. मग तिच्यावरून मी दिलेली टोपी चढवली. रबर बैठकीभोवती बसलं, झालर छताला टेकली. पांढऱ्यावर पांढरं, मुद्दाम पाहिल्याशिवाय कळूही नये.

"आता मास्तरांच्या काठीने बटण दाब."

त्याने प्लास्टिकवरूनच दाबलं. बशीने कानठळ्या बसवल्या.

"ऐकलंत? शनिवारी मास्तरांनी हेच ऐकलं." मी एका पातेल्यात सुती दोरीचा जाड पेड धुमसत ठेवला आणि पातेलं शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवलं. धूर सरळ वर जाऊन टोपीभोवती जमला. मी घड्याळ बघत राहिले. एक मिनिट. दोन. तीन. हेडबाई खोकायला लागली. बशी गप्प.

"टोपी काढ."

वायरमनने टोपी ओढली. वीस सेकंदांत बशी किंचाळली. त्याने ती पटकन उतरवली.

"बटणाने घंटा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच कळतं," मी म्हटलं. "धूर आत जातो की नाही, ते कळत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी तुम्हा सगळ्यांना फक्त बटण शिकवलं. वाटलं, घरोघरी धूर करायचा त्रास कोण घेणार. ती चूक माझी, आणि ती मी मास्तरांनाही सांगणार आहे. बुधवारी या बशीत बॅटरी होती. बशी छतावर होती. आणि तिच्या तोंडावर टोपी होती."

"टोप्या हिच्या!" हेडबाई म्हणाली.

"टोप्या हिच्या. पण वर बघा. काल मी ओल्या रुमालाने पुसलंय. कड्याच्या बाहेर काजळीखाली काय दिसतंय?"

"पांढरा रंग."

"नवा, लख्ख. आणि कड्याच्या आत?"

हेडबाईने चष्मा वर सरकवला. "पिवळट आहे."

"मलाही आधी वाटलं, धुराने पिवळं पडलं असेल. पण ते पुसून जात नाही. तो जुना रंग आहे. तिथे नवा रंग पोचलाच नाही, कारण रंगवताना टोपी आधीपासून होती. रंग उडू नये म्हणून नीटनेटक्या माणसाने घातली आणि काढायची राहिली. तेव्हा सिस्टर चार दिवस शिबिराला गेलेली. तिथून पुढे तीन आठवडे बशी एकदाही कोकलली नाही. मग जी कोकलतच नाही, तिची बॅटरी ही कशाला काढेल?"

मी पातेल्यातल्या दोरीवर पाणी ओतलं.

"आग विझल्यावर वर एकटा कोण आला? बशी कुणी उतरवली? 'छतावरच होती आणि बॅटरी नव्हती' असं मला कोण म्हणालं? वायरमन, बॅटरी काढून ती परत लावून दाखव जरा."

त्याने बॅटरी काढली. लाल जीभ टुपकन बाहेर आली. बशी बैठकीवर बसेना. त्याने तीनदा प्रयत्न करून दाखवला, जरुरीपेक्षा दोनदा जास्त.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"केव्हा?" मी विचारलं. "मेट्रनने हिला काढल्यावर?"

"वर पाहिलं आणि ती टोपी दिसली. काळी झालेली. मला कळलं, बाबांना मी... मी कचेरीत सगळ्यांच्या चुका काढतो, काकू. माझी चूक अशी निघाली, हे कसं सांगू? वाटलं, बॅटरी म्हटलं तर कुणाचंच नाव येणार नाही. विसरतात माणसं."

"तू मला 'आठव' म्हणालास," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "तीन दिवस मी आठवत होते. ड्यूटीवर प्रत्येक गोळी दोनदा मोजत होते, हात आपले आहेत की नाहीत ते बघत होते. मला आठवत नव्हतं, कारण ते घडलंच नव्हतं."

हेडबाईने पिशवीतून तक्रारीचा कागद काढला, उलटा केला आणि भावासमोर टेबलावर ठेवला.

"मागची बाजू कोरी आहे. काय झालं ते लिही. बंबवाल्यांच्या कचेरीत मी स्वतः देणार. नकाशावर लिहितोस तसं लिही, सुवाच्य." मग ती भावजयीकडे वळली.  पस्तीस वर्षांत हा धडा तिने कुणाला शिकवला नसावा. शेवटी म्हणाली, "चुकले मी."

सिस्टर खिडकी उघडायला गेली.

७

पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा चहा प्यायली. दोन कप.

"काकू, एका खोलीच्या घराला किती बशा लागतात?"

मी किटली खाली ठेवली.

"इस्पितळाच्या मागच्या गल्लीत खोली घेतलीये. तळमजल्यावर. उद्या मामंजींना घरी सोडणार आहेत."

"ते कुठे जाणार?"

"मी विचारलं नव्हतं. त्यांनीच पाटीवर लिहिलं, 'मी तुझ्याबरोबर.' त्यांच्या मुलाने तो कबुलीचा कागद वाचून दाखवला होता त्यांना. तुम्ही तुमची बटणाची चूक सांगून आलात त्याच दिवशी." तिने कप खाली ठेवला. "टोपी काढायची विसरला, ते मी सोडून दिलं असतं, काकू. मीही माणूस आहे, वॉर्डात आमच्याकडूनही चुका होतात. पण माझ्याच डोक्यात माझ्याविरुद्ध साक्षीदार उभा केला त्याने. त्या घरात मला आता झोप येणार नाही."

संसार जोडायचा उपदेश करण्याचं माझं वय झालं आहे, असं लोक समजतात. मी चपला घातल्या.

दुकानदाराने पहिलीच जी बशी पुढे केली ती मी उलटी करून वाचली आणि परत केली. दुसरीही परत केली.

"सगळ्या सारख्याच असतात हो, आजी."

"मग तुम्हाला त्रास कसला? तिसरी दाखवा."

चौथी घेतली. धुमसणारा धूर ओळखणारी, मागे मुदतीची तारीख दहा वर्षं पुढची छापलेली. शनिवारी मास्तर नव्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसले होते, आवाज अजून खरखरीत. सिस्टर स्वतः स्टुलावर चढली. भिंतीपासून हातभर दूर, चुलीपासून जितकी लांब जाईल तितकी लांब, अशी तिने जागा ठरवली. मी खालून बोटानेही दाखवली नाही. बशी फिरवून बसवली, बटण दाबलं. वाजली.

"आता खरी परीक्षा," ती म्हणाली.

दोरीचा पेड तिनेच धुमसवला आणि हात उंच करून धरला. मास्तर पुटपुटत सेकंद मोजत होते. अठरा म्हणायला आणि बशी किंचाळायला एकच गाठ पडली. शेजारचं दार धाडकन उघडलं, कुणीतरी काय झालं, काय झालं म्हणत धावत आलं. मी कान झाकून ओरडले, "अगं, झाली परीक्षा! बंद कर आता!"

तिने हात खाली घेतला, दोरी पाण्यात बुडवली आणि वर बघत तशीच उभी राहिली.

"वाजू दे, काकू," ती म्हणाली. "थोडी वाजू दे."